हात न हलवणारं गाव

इस्त्रीनं टक् असा आवाज केला आणि तिचा लाल दिवा विझला. दुपारच्या निवांत घरात तेवढाही आवाज मोठा वाटला. नवरा गिऱ्हाइकाकडे सोफा पोचवायला गेलेला, बाबा जेवून खाली दुकानातच आडवे झालेले, भिंगरी आतल्या खोलीत झोपलेली. दिवसात असा एखादाच तास माझ्या वाट्याला येतो आणि तोही कुणाच्या तरी कपड्यांच्या सुरकुत्या काढण्यात जातो. मी पांढऱ्या फ्रॉकची बाही पसरली, तोच आतून हाक आली.

"आई, इकडे! आई, इकडे बघ ना!"

मी धावत गेले. भिंगरी झोपलेली नव्हतीच. पलंगावर उभी राहून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन, ती समोरच्या कपाटाकडे बघत जोरजोरात हात हलवत होती.

मी तिचा हात धरला आणि खाली ओढला. जरा जास्तच जोरात.

"आई गं! दुखतंय ना! मी डायलॉग पाठ करतेय."

"कसला डायलॉग?"

"नाटकातला. मी मुख्य मुलगी आहे. बाई म्हणाल्या, मुख्य मुलगी तूच, कारण तुझी आजी खरी बुडालेली आहे." तिनं नाक वर केलं. "बाकीच्यांच्या आज्या नुसत्याच म्हाताऱ्या झाल्या."

शाळेत कार्यक्रम आहे, पांढरा फ्रॉक लागेल, एवढंच तिनं सांगितलं होतं. कसला कार्यक्रम, हे मी विचारायला हवं होतं. तारीख जवळ आली की मी कॅलेंडरकडे बघायचंच टाळते, त्यामुळे आई बुडाल्याला यंदा पंचविसावं वर्ष आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तिच्या मनगटावर माझी बोटं उमटली होती. मी तिथे फुंकर घातली, पापा घेतला, तिला मांडीवर घेतलं. माझा राग तिच्यावर नव्हता. पण राग असा आंधळा असतो, की जवळ जे असतं त्यालाच आधी लागतो.

आमच्या गावात कुणी हात हलवून निरोप देत नाही. म्हणजे आमच्या वयाचं कुणी देत नाही, आणि आमचं बघून आमच्या बहुतेक मुलांनाही ती सवय लागली नाही. माझं लग्न झालं आणि आम्ही निघालो, तेव्हा माझ्या बरोबरीचे सगळे भाऊ-बहिणी स्टँडवर आले होते. सगळे हात मागे बांधून ओळीत उभे. गाडी सुटल्यावर नवरा म्हणाला, "तुमची माणसं आपल्याला पोचवायला आली होती, की माझ्यावर खटला चालवायला?" पुढे तो इथंच राहायला आला, बाबांबरोबर सोफे दुरुस्तीचं दुकान काढलं, आणि आता तोही निरोप देताना हात खिशात घालतो. त्याला कारण कुणी सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही. माणूस चांगला आहे.

कारण असं. आमची शाळा नदीच्या वळणावर होती. पलीकडच्या काठावर भाज्या डबाबंद करायचा कारखाना होता आणि गावातल्या निम्म्या आया तिथे पट्ट्यासमोर उभ्या राहून डबे भरायच्या. सकाळची बोट त्यांना घेऊन जायची. वळणावर आली की बोटवाला भोंगा वाजवायचा, आणि सगळ्या आया शाळेच्या बाजूच्या कठड्याला येऊन आम्हाला हात करायच्या. आम्ही शाळेच्या पायऱ्यांवर उभे. हेडमास्तरांनी त्यासाठी प्रार्थना पुढे ढकलली होती. इतक्या बायकांमध्ये आपली आई ओळखू यावी म्हणून प्रत्येकीनं आपापला रंग ठरवलेला. कुणाचा लाल रुमाल, कुणाची निळी पिशवी. माझ्या आईचं पिवळं फडकं होतं, कारखान्यातलंच, टेबल पुसायचं. त्याला मोहरीच्या पाण्याचा वास यायचा. मी त्या वासाला आई समजायचे.

मग कारखान्याच्या मालकांनी आपल्या दोन बोटींपैकी एक बंद केली आणि उरलेल्या बोटीवर वरचा मजला चढवला. वर बाकं, वर वारा, डिझेलचा धूर नाही. सगळ्या खूश. वजन वाढल्यावर बोट पाण्यात खोल बसायला लागली आणि कारखान्याच्या धक्क्याजवळ तिचा तळ वाळूला घासायला लागला. तिथली वाळू उपसायची, तर काम थांबणार. म्हणून बोटीच्या तळाशी ती सरळ राहावी म्हणून ठेवलेले लोखंडी ठोकळे होते, ते काढले. बोट हलकी झाली, वर उचलली गेली, वाळू लागेनाशी झाली. तपासणीला साहेब आले, त्यांनी धक्क्यावर खुर्ची टाकून चहा घेतला, बोट लांबून ऐटदार दिसते म्हणाले आणि गेले. बोटवाला म्हणाला होता, हल्ली वळणावर कलली की सरळ व्हायला वेळ लावते. त्याला सांगण्यात आलं, तुला जमत नसेल तर दुसरा बघू.

आणि एका सकाळी भोंगा वाजला. आया उठून आमच्या बाजूला आल्या. मी हात वर केला, ओरडले, पिवळं फडकं दिसलं. बोट आमच्याकडे वाकली. मला वाटलं, आईच जवळ येतेय. मग ती वाकतच राहिली.

एवढंच सांगते.

यात गुपित काहीच नाही. मला याच गोष्टीचा सगळ्यात जास्त संताप येतो. चौकशी झाली, निकाल लागला, वर वजन वाढवलं आणि खालचं काढलं म्हणून बोट उलटली, असं छापूनही आलं. गावातल्या कोणत्याही मोठ्या माणसाला विचारा, चहाचा घोट घेता घेता सांगेल. पण वर्षश्राद्धासारखा कार्यक्रम ठेवला गेला, आणि तिथे मालक डोळे पुसत म्हणाले, "त्या दिवशी माया इतकी जड झाली, की बोटीला पेलली नाही." लोक हमसाहमशी रडले. माझी मावशी म्हणाली, किती सुंदर बोलले. मग ते वाक्य पाळलं गेलं, पोसलं गेलं. धक्क्यावर पुतळा झाला, हात वर केलेल्या आईचा. खाली तेच वाक्य. लोखंडाचं काय झालं, हे विचारणं मग वाईट दिसायला लागलं. मयताच्या घरी जाऊन जेवणात मीठ कमी आहे म्हणण्यासारखं.

आम्हा पोरांना कुणी बोल लावला नाही. एकानंही नाही. सगळे डोक्यावरून हात फिरवायचे. हिशेब आमचा आम्हीच केला. मायेनं बोट बुडाली, तर मायेला त्या बाजूला बोलावलं कुणी? पायऱ्यांवर उभं राहून "आई, इकडे" असं ओरडत कोण होतं? हे आम्ही एकमेकांना कधी बोललो नाही. फक्त हात खाली ठेवायला लागलो.

आणि आता माझ्याच मुलीला तेच करायला शिकवत होते. टाळ्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. हॉलमध्ये तालीम चालू होती. बाकं आडवी लावून बोट केलेली, मोठ्या वर्गातल्या मुली आया झालेल्या, कमरेला रंगीत रुमाल खोचलेले. समोर माझी भिंगरी एकटी उभी. एका मुलानं तोंडानं भोंगा वाजवला, दुसऱ्या मुलाला हसू आलं. भिंगरीनं हात वर केले, खणखणीत ओरडली, "आई, इकडे!" सगळ्या मुली तिच्याकडे धावल्या, बाकं कलली आणि त्या एकेक करून सतरंजीवर आडव्या झाल्या. एकीनं आडवं होण्यापूर्वी वेणी नीट पुढे घेतली. मग बाई माईकवरून म्हणाल्या, "माया इतकी जड झाली..."

"थांबवा," मी म्हणाले.

बाई तरुण होत्या, माझ्यापेक्षाही. बाहेरगावच्या. चेहरा एकदम खुलला त्यांचा. "अगंबाई, तुम्ही आलात! बघा ना, किती गोड करते तुमची मुलगी. काल तर मला रडूच आलं."

"बाई, हे असं झालं नव्हतं."

"म्हणजे? रुमाल चुकले का? आम्ही विचारून घेतलेत हो रंग."

"रुमाल बरोबर आहेत. वरचा मजला कुठे आहे? तळातलं लोखंड कुणी काढलं? ते नाटकात कुठे आहे?"

मुली सतरंजीवरून मान वर करून ऐकत होत्या. बाईंनी मला हाताला धरून खिडकीशी नेलं.

"अहो, लहान मुलांचं नाटक आहे हे. त्यांना लोखंड नि तळ काय कळणार? त्यांना आई कळते."

"आईच कळते ना, म्हणूनच भीती आहे. उद्या ही घरी येऊन काय समजणार? हात हलवला की आई मरते, असंच ना?"

"छे, छे! किती वेगळा अर्थ काढता तुम्ही. उलट हे प्रेमाचं..."

"बाई, प्रेमाचं वजन किती असतं हो?" माझा आवाज चढला होता, मला कळत होतं. "माझी आई सुकडी होती. फडक्यासकट. तिच्या मायेनं बोट उलटत असेल, तर त्या आधीच्या सगळ्या सकाळी का नाही उलटली? रोज हात हलवायची ती. रोज सगळ्याच जणी त्या बाजूला यायच्या. जोवर खाली लोखंड होतं, तोवर काय आमच्यावर माया नव्हती त्यांची?"

त्यांनी मुलींकडे एकदा वळून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "तुमचं पटतंय मला. खरंच. पण धाकटे मालक प्रमुख पाहुणे आहेत. हॉलचे पंखे त्यांनीच दिलेत. मी नवीन आहे इथे." आणि मग जणू सुटकाच सापडली अशा आवाजात, "आणि तुमच्या बाबांना तर सगळं माहीत आहे! त्यांनीच मला रंग सांगितले. ते बसणार आहेत ना व्यासपीठावर, धाकट्या मालकांच्या शेजारी. त्यांनी नको म्हटलं, तर मी लगेच बदलते. शप्पथ."

मी घरी कशी आले, मला आठवत नाही.

दुकानात बाबा एका जुन्या सोफ्याचं पोट फाडून बसले होते. फाटलेलं रेक्झिन बाजूला, जुना फोम पिवळा पडून चुरा झालेला, आणि ते पकडीनं एकेक पिन उपसून डब्यात टाकत होते. बाबा पूर्वी बोटींचे सुतार होते. वरचा मजला त्यांनीच बांधला होता, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. कामाचा माणूस, सांगितलं ते बांधलं. त्यासाठी मी त्यांना कधी दोष दिला नाही. आईनंतर त्यांनी मला एकट्यानं वाढवलं. माझ्या वेण्या घालायला शिकले. त्या इतक्या घट्ट घालायचे, की माझ्या भुवया दिवसभर वर ओढलेल्या असायच्या आणि वर्गातली मुलं विचारायची, तुला कशाचं आश्चर्य वाटतंय?

"बाबा, तुम्ही नाटकाला हो म्हणालात?"

"म्हणालो." त्यांनी वर पाहिलं नाही. "भिंगरी चांगलं करते."

"भिंगरीला हात हलवायला लावतायत. माझी जागा देतायत तिला. आणि तुम्ही त्या माणसाच्या शेजारी खुर्चीवर बसणार?"

"तो तेव्हा शाळेत होता. बापाचं त्याच्या डोक्यावर कशाला?"

"आणि माझ्या डोक्यावर? मीही शाळेतच होते!"

पकड थांबली. मी कधी आवाज चढवत नाही बाबांवर.

"पंचवीस वर्षं, बाबा. मी आजवर भिंगरीला शाळेच्या फाटकातून हात केला नाही. ती करते, आणि मी पिशवी सावरतेय असं दाखवते. तुम्हाला दिसत नाही? मला वाटत आलंय, की मी ओरडले नसते तर आई त्या बाजूला आली नसती."

"असं कुणी म्हणालं तुला?"

"तुम्ही सगळे म्हणालात! दर वर्षी, माईकवरून! माया जड झाली म्हणे. माया काय हवेतून आली होती?"

त्यांनी आणखी एक पिन उपसून डब्यात टाकली. मग म्हणाले, "गोष्ट बरी आहे ती. राहू दे. ती ऐकली की मला जरा झोप लागते."

"तुम्हाला?"

"मजला बांधला तो बांधला. पण ते ठोकळे..." त्यांनी पकड खाली ठेवली. "ते मीच काढले. मी आणि आणखी दोघं. दोरानं एकेक ओढून वर घेतला. मालकांना म्हणालो, साहेब, ही आता डोलेल. ते म्हणाले, नदी आहे, समुद्र नाही. मग मी काढले."

हे मला माहीत नव्हतं. ठोकळे 'काढले गेले' हे मी हजारदा ऐकलं होतं. कुणाच्या हातांनी, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मी त्या हातांकडे बघत राहिले. अंगठ्याची नखं फुटलेली, खाचांत डिंक. याच हातांनी माझा भात कालवला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या.

मला रडू यायला हवं होतं. पण मला राग आला. इतका, की टेबलावरचा फोमचा तुकडा मी उचलला आणि भिंतीवर फेकला. फोमच तो, त्याचा आवाजही झाला नाही. त्यानं मी आणखीच चिडले.

"मग हे सांगा. व्यासपीठावर उभं राहून हेच सांगा. एवढंच पुरे आहे. पुढे पोरांनी कुणाला हात केला तर करू देत."

"भिंगरीसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"तिच्यासमोर नाही," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "बाकी सगळ्यांना मी सांगेन गं. गावात काय, फार तर थुंकतील. पण ती रोज माझ्या पाठीवर बसते. तिला नाही सांगणार मी."

"तिला कळायलाच हवं."

"मग तू सांग. तिला तुझ्याकडून कळू दे. तिनं तोंड फिरवलं नाही, तर येतो मी शाळेत. बोलतो. धाकट्या मालकांच्या तोंडावर बोलतो."

संध्याकाळी मी भिंगरीला आंघोळीला बसवलं. टबात पाणी जास्तच घेतलं. स्वयंपाकघरातून उंच डबा आणला आणि त्याच्या तळाशी वरवंट्याएवढा एक दगड ठेवला.

"हा काय खेळ?" तिचे डोळे चमकले.

"ही आजीची बोट. ढकल बरं हिला."

तिनं बोटानं डबा ढकलला. तो कलला, डुलला, सरळ झाला. ती हसली. पुन्हा ढकलला. पुन्हा सरळ. मग मी दगड काढला आणि झाकणावर साबण ठेवला.

"आता?"

तिनं नुसतं बोट लावलं. डबा आडवा झाला, साबण टबाच्या तळाशी गेला. भिंगरीनं तो शोधायला हात घातला नाही. ती डब्याकडे बघत होती.

"आई, खालचा दगड काढला म्हणून पडली."

"हो."

"मी ढकललं म्हणून नाही?"

"आधीही ढकललं होतंस ना तू? तेव्हा पडली?"

"नाही." तिनं जरा विचार केला. "म्हणजे आजीची बोट हात हलवून नाही बुडाली."

पंचवीस वर्षांत हे वाक्य मला कुणी असं सरळ म्हटलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही. "नाही, बाळा. हात हलवून काहीच बुडत नाही."

"बाईंना सांगू? मग नाटकात दगड हवा आपल्याला. मोठा, पुठ्ठ्याचा! मी रंगवते." ती टबात उभीच राहिली, अंगावरून पाणी निथळत. "पण आई, तो काढला कुणी?"

दारात बाबा टॉवेल घेऊन उभे होते. कधी आले, मला कळलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंना मी विचारलं होतं, कुणी काढलं ते नाटकात कुठे आहे. आता मलाच विचारलं जात होतं. मी आता 'काढला गेला' म्हणाले असते, तर माझ्यात आणि त्या माईकमध्ये फरक काय राहिला असता?

"मालकांनी सांगितलं," मी म्हणाले, "आणि आजोबांनी काढला. ही डोलेल, असं मालकांना सांगूनही काढला."

भिंगरी वळली. ओल्या पापण्यांनी तिनं आजोबांकडे पाहिलं. बाबांनी नजर वळवली नाही. टॉवेल पुढे धरून ते तसेच उभे राहिले. तिनं तोंड फिरवलं नाही. ती रोजच्यासारखीच त्यांच्याकडे झुकली आणि टॉवेलमध्ये शिरली. बाबांनी तिचं डोकं पुसायला घेतलं.

मला वाटलं, झालं. जमलं. उद्या बाबा शाळेत येतील, बोलतील.

मग टॉवेलमधून तिनं डोकं बाहेर काढलं आणि आजोबांना न विचारता मला विचारलं, कारण तिला वाटतं की मला सगळं येतं.

"आई, आजोबांना माहीत होतं की ती बोट पडेल, तर मग त्यांनी आजीला रोज तिच्यात का बसू दिलं?"